लिनक्सवर ॲप दुसऱ्या फोल्डरात हलवलं की आयकॉन गायब, मराठी गायब. ॲप आपल्या फाइली नेमक्या शोधतं तरी कुठं?

पूर्णाकाठ (जिंतूर)

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीचं एक छोटं ॲप मी लिहिलंय, पायथन आणि जीटीके (खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) वापरून, बिल्ड मेसॉन ह्या टूलवर. सगळा इंटरफेस मराठीत केलाय कारण तिथं बसणारे काका इंग्रजी वाचत नाहीत आणि त्यांना ते वाचायला लावायची माझी अजिबात इच्छा नाही. (पाथ आणि कमांडी मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहायलो, टर्मिनलात अर्थातच इंग्रजीत टाईप करायच्या.)

माझ्या लॅपटॉपवर ॲप /यूएसआर/लोकल मध्ये इन्स्टॉल आहे आणि सगळं नीट चालतंय. वाचनालयातल्या मशीनवर डेबियन आहे, तिथं मला सगळं एका जागी ठेवायचं होतं म्हणून बिल्ड झालेलं बिन आणि शेअर तसंच उचलून /ऑप्ट/नोंदवही मध्ये टाकलं. आता तिथं काय होतंय ते सांगतो. ॲप उघडतं, खिडकी दिसते, बटणं काम करतात, पण सगळं इंग्रजीत. मेनूत ॲप येतच नव्हतं, मग डॉट डेस्कटॉप फाइल ~/.लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स मध्ये टाकली तेव्हा नाव आलं पण आयकॉनच्या जागी कोरं चित्र. आणि एका मशीनवर तर टर्मिनलमधून चालवलं आणि 'फाइल उघडा' दाबलं की ॲप जागच्या जागी बंद पडतं, खाली 'सेटिंग्ज स्कीमा ओआरजी.जीटीके.सेटिंग्ज.फाइलचूझर इज नॉट इन्स्टॉल्ड' असं काहीतरी येतं. तेच ॲप त्याच मशीनवर मेनूतून उघडलं तर बंद पडत नाही!

एकच फोल्डर, त्यातच सगळ्या फाइली, तरी काही सापडतंय आणि काही सापडंना. ह्याच्यात काहीतरी नियम असणार, तो मला समजून घ्यायचाय. नुसतं हे कर ते कर नको, कारण उद्या दुसऱ्या गावच्या वाचनालयानं मागितलं तर तिथं परत हेच होईल.

---

दुधना_सेलू

माझ्याकडंही असंच झालतं एका ॲपचं. मी सगळं उचलून /यूएसआर/शेअर मध्ये टाकलं, चालू झालं. जास्त डोकं लावू नका.

---

बालाघाट (अंबाजोगाई)

दुधना, चालू झालं हे खरं, पण /यूएसआर/शेअर हा पॅकेज मॅनेजरचा इलाका आहे. तिथं हातानं टाकलेली फाइल एपीटीला माहीतच नसते, उद्या त्याच नावाची फाइल एखाद्या पॅकेजमधून आली तर ती निमूटपणे तुमच्या फाइलीवर लिहिली जाईल. हातानं टाकायचं असेल तर /यूएसआर/लोकल, आणि एका गठ्ठ्यात ठेवायचं असेल तर /ऑप्ट. फाइलसिस्टीम हायरार्की स्टँडर्डमध्ये हेच लिहिलंय, त्याची ३.० आवृत्ती २०१५ ला आली. पूर्णाकाठनं जागा बरोबर निवडलीय, अडचण दुसरीकडं आहे.

पूर्णाकाठ, तुमचा प्रश्न मला फार आवडला, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बहुतेक जण विचारतात 'फाइल कुठं ठेवू'. त्याच्याआधी विचारायचं 'ही फाइल शोधणारा कोण'. ॲपच्या फोल्डरात असल्या तरी सगळ्या फाइली काही ॲप शोधत नाही. डॉट डेस्कटॉप फाइल शोधतो डेस्कटॉपचा मेनू. आयकॉन शोधतो मेनू, डॉक, फाइल मॅनेजर. स्कीमा (ॲपच्या सेटिंग्जची व्याख्या) शोधते जीलिब, म्हणजे जीटीकेच्या खालची लायब्ररी. भाषांतराची डॉट एमओ फाइल शोधतं गेटटेक्स्ट. फाँट शोधतं फाँटकॉन्फिग. ह्या प्रत्येकाची शोधायची पद्धत वेगळी, आणि त्यातल्या कुणालाही तुमचं ॲप /ऑप्ट/नोंदवही मध्ये राहायला गेलंय हे कुणी सांगितलेलं नाही.

मोटामोटी तीन पद्धती आहेत.

एक म्हणजे ठरलेल्या फोल्डरांची यादी. एक्सडीजी_डेटा_डिर्स नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असतं, कोलनने तोडलेले पाथ. ते सेट नसेल किंवा रिकामं असेल तर /यूएसआर/लोकल/शेअर आणि मग /यूएसआर/शेअर असं धरलं जातं. त्याच्याही आधी वापरकर्त्याचं स्वतःचं, म्हणजे एक्सडीजी_डेटा_होम, ते सेट नसेल तर ~/.लोकल/शेअर. ज्याला डॉट डेस्कटॉप हवी तो ह्या प्रत्येक फोल्डरात 'ॲप्लिकेशन्स' बघतो, ज्याला आयकॉन हवा तो 'आयकॉन्स' बघतो, एमआयएमई टाईप 'माईम' मध्ये, जीसेटिंग्जचे स्कीमा 'जीलिब-२.०/स्कीमाज' मध्ये. घरचं आधी, मग यादीच्या क्रमानं, पहिलं सापडलं ते खरं. कॉन्फिगसाठी असंच जोडपं आहे, घरचं ~/.कॉन्फिग आणि सिस्टीमचं /ईटीसी/एक्सडीजी.

दुसरी पद्धत बिल्डच्या वेळी कोरलेला पाथ. मेसॉन, सीमेक, जुनं कॉन्फिगर, तिघांचाही डीफॉल्ट प्रीफिक्स, म्हणजे ॲप इन्स्टॉल व्हायचा मूळ फोल्डर, /यूएसआर/लोकल. बिल्ड करताना हा प्रीफिक्स कोडमध्ये अक्षर न् अक्षर लिहिला जातो. सी प्रोग्राम असेल तर बायनरीच्या आत स्ट्रिंग म्हणून, पायथन असेल तर लाँचर स्क्रिप्टमध्ये सरळ ओळ म्हणून. भाषांतर ह्याच पद्धतीनं चालतं! बाईंडटेक्स्टडोमेन ह्या गेटटेक्स्टच्या फंक्शनला तुम्ही जो फोल्डर देता तेवढाच तो बघतो, एक्सडीजीच्या यादीशी त्याला काही देणंघेणं नाही. तुमचं मराठी तिथंच अडकलंय. /ऑप्ट मध्ये डॉट एमओ फाइल व्यवस्थित पडून आहे, पण ॲप बघायलंय /यूएसआर/लोकल/शेअर/लोकेल/एमआर/एलसी_मेसेजेस मध्ये, आणि तो फोल्डर वाचनालयाच्या मशीनवर नाहीच. लॅपटॉपवर आहे, म्हणून तिथं चालतंय.

तिसरी पद्धत म्हणजे ॲपनं स्वतःच्या जागेवरून हिशोब काढायचा. 'मी कुठंय' हे विचारायचं, तिथून एक पायरी वर जायचं, शेअर मध्ये शिरायचं. सी मध्ये /प्रॉक/सेल्फ/एक्झी ची सिमलिंक (दुसऱ्या पाथकडं बोट दाखवणारी फाइल) वाचून हे कळतं. पायथनमध्ये ते चालणार नाही, तिथं ती सिमलिंक पायथन इंटरप्रिटरचा पाथ देईल, म्हणून तिथं अंडरस्कोर-फाइल घेऊन त्याला रिअलपाथ लावायचा. क्यूटीवाल्यांना ॲप्लिकेशनडीरपाथ मिळतो.

तुमची खिडकी उघडते ह्याचा अर्थ डेटा फोल्डर तुम्ही तिसऱ्या पद्धतीनं काढत असणार आणि लोकेलडीर (भाषांतराचा फोल्डर) मेसॉननं भरलेला तसाच असणार. लाँचर फाइल एडिटरमध्ये उघडून बघा, पाथ डोळ्यांनी दिसेल.

---

पूर्णाकाठ (जिंतूर)

ताई, अगदी तसंच निघालं! डेटा फोल्डर मी स्क्रिप्टच्या जागेवरून काढायलो आणि स्कीमा फोल्डरही तसाच, जीसेटिंग्ज_स्कीमा_डीर लाँचरमध्ये सेट करतो. पण लोकेलडीर ची ओळ मेसॉनच्या टेम्पलेटची आहे आणि त्यात /यूएसआर/लोकल/शेअर/लोकेल कोरलेलंय. ती बदलून जागेवरून काढली आणि वाचनालयात सगळं मराठीत आलं. काका खूश झाले, मला तर त्यांच्याहून जास्त आनंद झाला.

आता आयकॉन आणि ते बंद पडणं राहिलं.

---

मांजरा_लातूर

बंद पडण्याचं मी सांगतो. त्या मशीनवर टर्मिनलमधून ॲप मरतं आणि मेनूतून मरत नाही, म्हणजे दोन्हीकडचं एन्व्हायर्नमेंट वेगळंय, बाकी फरक असायचं कारणच नाही. टर्मिनलमध्ये बॅशआरसी (शेलची सुरुवातीची सेटिंग फाइल) वाचली जाते. मेनूतून उघडलेलं ॲप डेस्कटॉपच्या सेशनचं पोरगं असतं, त्या सेशननं बॅशआरसी वाचलेली नसते. त्या मशीनवर टर्मिनल उघडा, एको करून एक्सडीजी_डेटा_डिर्स बघा काय येतं, आणि बॅशआरसी मध्ये ग्रेप मारून तेच नाव शोधा. माझी खात्री आहे तिथं कुणीतरी फक्त स्वतःचा पाथ लिहून ठेवलाय.

फक्त स्वतःचा लिहिला की काय होतं तर डीफॉल्ट गळून जातो. व्हेरिएबल सेट झालं ना, मग /यूएसआर/शेअर कुणी धरत नाही. फाइल निवडायच्या खिडकीचा स्कीमा जीटीकेचा आहे आणि तो /यूएसआर/शेअर/जीलिब-२.०/स्कीमाज मधल्या कंपाइल झालेल्या फाइलीत असतो. तिथं बघणंच बंद झालं तर जीलिब वाट बघत नाही, स्कीमा सापडला नाही की प्रोग्राम थेट बंद करते. हे जीलिबचं मुद्दाम केलेलं वागणं आहे, तिच्या मते स्कीमा नसणं म्हणजे इन्स्टॉलेशनच अर्धवट. मला हे कडक वाटतं. ऑफिसात बसलेल्या माणसाचं काम एका फाइल डायलॉगपायी उडू नये. पण आहे हे असंय.

---

पूर्णाकाठ (जिंतूर)

मांजराभाऊ, ओळ सापडली. मशीन बसवून देणाऱ्यांनी दुसरं एक सॉफ्टवेअर टाकलं होतं, त्याच्या इन्स्टॉलरनं बॅशआरसीच्या तळाशी एक्सडीजी_डेटा_डिर्स ला फक्त स्वतःचा /ऑप्ट मधला शेअर फोल्डर दिलाय. ती ओळ काढली, टर्मिनल बंद करून परत उघडलं, फाइल डायलॉग उघडायलाय.

पण त्या सॉफ्टवेअरला ती ओळ लागत असेल तर?

---

मांजरा_लातूर

तर ती नीट लिहायची. स्वतःचा पाथ, मग कोलन, मग आधीची किंमत, आणि आधीची किंमत रिकामी असेल तर तिथं /यूएसआर/लोकल/शेअर आणि /यूएसआर/शेअर हाताने भरायचे. शेलमध्ये डॉलर महिरपी कंसात व्हेरिएबलच्या नावापुढं कोलन-वजा टाकून डीफॉल्ट देता येतो, त्यानं एका ओळीत होतं. नुसतं आपला पाथ, कोलन, डॉलर-जुनं असं लिहिलं तरी फसतं बरं का, कारण जुनं रिकामं असेल तर शेवटी लटकता कोलन राहतो आणि डीफॉल्ट जातोच. इंटरनेटवरच्या निम्म्या सूचनांमध्ये ही चूक आहे, आणि लिहिणाऱ्याच्या मशीनवर व्हेरिएबल आधीच भरलेलं असल्यामुळं त्याला ती कधी दिसतच नाही.

आणि एक, पाथ पूर्ण हवा, स्लॅशपासून सुरू होणारा. अर्धवट पाथ असेल तर स्पेसिफिकेशन म्हणतं तो सोडून द्या.

अख्ख्या सेशनला लागू करायचं असेल तर ~/.कॉन्फिग/एन्व्हायर्नमेंट.डी मध्ये डॉट कॉन्फ फाइल टाकायची, सिस्टीमडी असलेल्या मशीनवर युजर सर्व्हिसेसना ते मिळतं आणि गनोमसारखं सेशन तिथूनच उचलतं. सिस्टीमसीटीएल --युजर शो-एन्व्हायर्नमेंट म्हटलं की काय पोचलंय ते दिसतं. नंतर लॉगआउट करून परत लॉगिन करा, नुसतं टर्मिनल बंद-चालू करून मेनूला काही कळणार नाही.

---

तेरणा_धाराशिव

मधे बोलतो, माझा प्रश्न भाषांतराचाच आहे म्हणून इथंच विचारतो. माझंही पायथन-जीटीकेच, पण माझ्याकडं अर्धं मराठी आणि अर्धं इंग्रजी दिसायलंय. मेसेज येतात ते मराठीत, खिडकीतली लेबलं आणि बटणं इंग्रजीत. पाथ एकदम बरोबर आहे, दहादा बघितला.

---

बालाघाट (अंबाजोगाई)

तेरणा, पाथ बरोबर आहे पण तो एकालाच सांगितलाय. पायथनचं गेटटेक्स्ट मॉड्यूल हे संपूर्ण पायथनमध्ये लिहिलेलं वेगळं यंत्र आहे, ते स्वतः डॉट एमओ वाचतं. तुमच्या कोडमधल्या स्ट्रिंगा त्यातून जातात. पण खिडकीची यूआय फाइल वाचतो जीटीके बिल्डर, तो सी मधला, तो सी लायब्ररीच्या गेटटेक्स्टला विचारतो. त्या दोघांची आपसात काही ओळख नाही. म्हणून गेटटेक्स्ट.बाईंडटेक्स्टडोमेन बरोबर लोकेल.बाईंडटेक्स्टडोमेन पण हवं, दोन्हीकडं तोच फोल्डर. आणि त्याच्या आधी लोकेल.सेटलोकेल. यूआय फाइलीत डोमेनचं नाव दिलंय का तेही बघा.

हे पूर्ण करूनही इंग्रजी राहिलं तर मशीनवर एमआर_आयएन (मराठी-भारत) लोकेल तयार केलेलंच नसेल. डेबियनमध्ये डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकेल्स करून यादीत ते टिकवायचं. लोकेल नुसतं 'सी' असेल तर लँग्वेज व्हेरिएबलमध्ये मराठी लिहूनही ग्लिबसी (तीच सी लायब्ररी) तिकडं बघत नाही.

---

तेरणा_धाराशिव

झालं ताई!! लोकेल.बाईंडटेक्स्टडोमेन नव्हतंच. लई दिवस झाले, मला वाटायचं माझ्या पीओ (भाषांतराच्या मूळ) फाइलीतच घोळ आहे, सगळी भाषांतरं परत तपासली होती. धन्यवाद.

आयकॉनचं मी सांगतो पूर्णाकाठला, ते मी भोगलंय. आयकॉन असा एक फाइल म्हणून शोधला जात नाही, थीममध्ये शोधला जातो. चालू थीम आधी, मग ती ज्या थीमवरून घेते ती, आणि शेवटी हायकलर. ॲपवाल्यांनी आपला आयकॉन हायकलरमध्येच टाकायचा, तो सगळ्यांचा शेवटचा आधार. म्हणजे तुमची एसव्हीजी हवी /यूएसआर/लोकल/शेअर/आयकॉन्स/हायकलर/स्केलेबल/ॲप्स मध्ये. /ऑप्ट मधून हलवायची गरज नाही, तिथून सिमलिंक द्या. डॉट डेस्कटॉप फाइलीचीही तशीच सिमलिंक /यूएसआर/लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स मध्ये द्या म्हणजे प्रत्येक युजरच्या घरात वेगळी टाकत बसायला नको. आणि डॉट डेस्कटॉपमध्ये आयकॉन च्या पुढं नुसतं नाव, एक्स्टेन्शन नको, एसव्हीजी लिहिलं की सापडंना.

तरीही दिसलं नाही तर कॅश. हायकलरच्या फोल्डरात आयकॉन-थीम.कॅश नावाची फाइल असेल तर जीटीके तीच बघतं, फोल्डर चाळत नाही. कॅश जुनी झाली का हे ते हायकलर फोल्डरच्या वेळेवरून ठरवतं. तुम्ही आतल्या ॲप्स फोल्डरात फाइल टाकली तर वेळ बदलते आतल्या फोल्डरची, बाहेरच्या हायकलरची बदलत नाही, म्हणून त्याला वाटतं कॅश ताजी आहे. टच करा हायकलरला किंवा जीटीके-अपडेट-आयकॉन-कॅश चालवा. ते चालवताना थीमची इंडेक्स फाइल नाही म्हणून तक्रार करेल, /यूएसआर/लोकल मध्ये ती सहसा नसतेच, तेव्हा वजा-टी लावा.

---

गोदाकाठ_नांदेड

धागा वाचायलो, छान चाललाय. पण मला मुळात हे पटंना की एक ॲप टाकायला माणसानं पाच कॅश आणि तीन व्हेरिएबलं सांभाळायची. विंडोजवर ॲपचा फोल्डर कुठंही टाका, ॲप आपल्या शेजारी बघतं आणि चालतं. इथं एवढं पसरून ठेवायची गरज काय होती?

---

बालाघाट (अंबाजोगाई)

गोदाकाठ, पसरून ठेवण्यामागं विचार आहे. /यूएसआर/शेअर मध्ये जे असतं ते कुठल्याही प्रोसेसरवर तेच चालतं, भाषांतरं, चित्रं, मदतीची पानं. /यूएसआर/लिब मध्ये प्रोसेसरप्रमाणे बदलणारं. युनिक्सच्या काळात एकच शेअर फोल्डर नेटवर्कवरून वेगवेगळ्या जातीच्या मशीनींना देता यायचा, नावच त्यावरून आहे. आणि आयकॉन एकाच ठिकाणी असल्यामुळं तुम्ही थीम बदलली की सगळ्या ॲप्सचे आयकॉन बदलतात, शेजारी ठेवले असते तर हे कसं झालं असतं?

आधी ह्याहून अवघड होतं. केडीईची ॲप्स केडीईडिर्स नावाचं व्हेरिएबल बघायची, गनोमचं आपलं वेगळं होतं, एकाचं ॲप दुसऱ्याच्या मेनूत येईलच असं नाही. २००० साली हॅवॉक पेनिंग्टननं फ्रीडेस्कटॉप सुरू केलं, तिथून हे बेस डिरेक्टरी स्पेसिफिकेशन आलं आणि दोघांनी एकच यादी मान्य केली. आज क्यूटीचा स्टँडर्डपाथ्स वर्ग आणि जीलिबचं सिस्टीम-डेटा-डिर्स फंक्शन एकाच व्हेरिएबलला विचारतात. केडीई मेनूची आपली कॅश अजून ठेवतं, नवी फाइल दिसली नाही तर केबिल्डसायकोका चालवावं लागतं, पण शोधायची यादी तीच. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन डेस्कटॉपवाल्यांनी बसून ठरवलं की फाइल कुठं असेल, आणि ते टिकलं.

शेजारी बघायचं असेल तर इथंही बघता येतं, तीच वरची तिसरी पद्धत. लायब्रऱ्यांनासुद्धा डॉलर-ओरिजिन म्हणून आरपाथ देता येतो, म्हणजे बायनरी जिथं असेल तिथून मोजून डॉट एसओ शोधते. आणि जे फक्त ॲपला लागतं, यूआय फाइल, सीएसएस, ॲपच्या आतली चित्रं, ते फाइल म्हणून बाहेर ठेवायची गरजच नाही. जीरिसोर्समध्ये बांधून टाका, क्यूटीवाल्यांनी क्यूआरसीमध्ये. सी मध्ये तर ते बायनरीच्या पोटातच जातं, शोधायचा प्रश्नच मिटला. बाहेर तेवढंच राहू द्या जे दुसऱ्या कुणाला शोधायचंय.

---

गोदाकाठ_नांदेड

हे शेवटचं वाक्य पटलं. तरी माझं मत असं की दुसऱ्या गावात द्यायचं असेल तर फ्लॅटपॅक (ॲप बंदिस्त जागेत चालवणारा पॅकेजचा प्रकार) करा आणि मोकळे व्हा. फ्लॅटपॅकमध्ये ॲपला आतून प्रीफिक्स नेहमी /ॲप दिसतो, मशीन कुठलंही असो, मग तो कोरलेला पाथ कधी चुकतच नाही. रनटाइम, म्हणजे ॲपला लागणाऱ्या लायब्रऱ्यांचा गठ्ठा, आतून /यूएसआर म्हणून दिसतो. आणि बाहेर मेनूला दाखवायच्या फाइली तो /व्हार/लिब/फ्लॅटपॅक/एक्सपोर्ट्स/शेअर मध्ये काढून ठेवतो, तो फोल्डर एक्सडीजी_डेटा_डिर्स मध्ये जोडलेला असतो. पहिल्यांदा फ्लॅटपॅक टाकल्यावर लॉगआउट करा म्हणतात ते ह्याच्याचसाठी. फक्त आयकॉन आणि डॉट डेस्कटॉपचं नाव ॲपच्या आयडीनंच सुरू व्हायला हवं, नाहीतर तो बाहेर काढत नाही.

---

दुधना_सेलू

फ्लॅटपॅकचा रनटाइम शेकडो एमबीचा. आमच्याकडं वाचनालयात नेट म्हणजे कुणाच्या तरी मोबाइलचं हॉटस्पॉट.

---

गोदाकाठ_नांदेड

दुधना, पेनड्राइव्हवरून नेता येतं. फ्लॅटपॅक क्रिएट-यूएसबी ही कमांड ॲप आणि त्याचा रनटाइम दोन्ही पेनड्राइव्हवर घेते, त्यासाठी रिमोटला कलेक्शन आयडी सेट केलेला लागतो. बिल्ड-बंडलनं एक फाइल होते, ती छोटी असते पण तिच्यात रनटाइम नसतो, तो त्या मशीनवर आधीच असला पाहिजे. हे माहीत नसताना नुसतं बंडल घेऊन गावात गेलं की खेप वाया.

---

मांजरा_लातूर

पूर्णाकाठच्या कामाला मी साधं डेब पॅकेज सुचवेन. सगळ्या मशीनवर डेबियन आहे ना. प्रीफिक्स /यूएसआर देऊन बिल्ड करा, पॅकेजची फाइल छोटीशी होईल, व्हॉट्सॲपवरून पाठवता येईल इतकी. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे ट्रिगर. /यूएसआर/शेअर मध्ये डीपीकेजीनं स्कीमा टाकला की स्कीमा आपोआप कंपाइल होतात, आयकॉन टाकला की कॅश ताजी होते, डॉट डेस्कटॉप टाकली की अपडेट-डेस्कटॉप-डेटाबेस चालतं. /यूएसआर/लोकल मध्ये हातानं कॉपी केलं तर ह्यातलं काहीच चालत नाही, म्हणून ते सगळं आपल्याला लक्षात ठेवावं लागतं. काढायचं म्हटलं तर एक कमांड, मागं कचरा राहत नाही.

डेस्टडीर आणि प्रीफिक्सची गल्लत तेवढी करू नका. पॅकेज बनवताना फाइली एका तात्पुरत्या फोल्डरात गोळा करायच्या असतात, तो डेस्टडीर. प्रीफिक्स म्हणजे शेवटी ॲप जिथं नांदणार ती जागा, कोडमध्ये तोच कोरला जातो. तात्पुरत्या फोल्डरालाच प्रीफिक्स म्हणून दिलं तर ॲप आयुष्यभर तुमच्या बिल्ड फोल्डरात भाषांतर शोधत बसेल.

आणि हे कुठलंही करताना शंका आली तर अंदाज लावू नका, एसट्रेस लावा. एसट्रेस वजा-एफ वजा-ई ट्रेस=ओपनॲट देऊन ॲप चालवा, फाइलीत काढा आणि आपल्या फाइलीचं नाव ग्रेप करा. प्रत्येक ओळीत ॲपनं कुठला पाथ उघडायचा प्रयत्न केला ते येतं. शेवटी ईएनओईएनटी म्हणजे तिथं नव्हती. अशा ओळी शेकड्यांनी दिसतील, घाबरू नका, यादीत शोधणं म्हणजेच तीन ठिकाणी नाही आणि चौथ्या ठिकाणी हो. आपल्याला बघायचं एवढंच की जिथं फाइल खरंच आहे तो पाथ त्यानं विचारला का. विचारलाच नसेल तर यादी किंवा प्रीफिक्स चुकलाय. विचारला आणि ईएसीसीईएस आलं तर परवानगीचा घोळ, सुडो करून टाकलेल्या फाइली कडक उमास्कमुळं (नव्या फाइलीच्या परवानग्या कमी करणारी सेटिंग) बाकीच्यांना वाचताच येत नाहीत असं होतं.

---

पूर्णाकाठ (जिंतूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. तेरणानं सांगितल्याप्रमाणं सिमलिंका दिल्या, हायकलरला टच केलं, मेनूत आयकॉन आला. पण ॲप चालू केलं की खालच्या डॉकमध्ये अजून गिअरचं चित्र येतंय. मांजराभाऊंचं एसट्रेस लावलं तर ॲप आयकॉन मागतच नाही.

---

बालाघाट (अंबाजोगाई)

वेलँड (खिडक्या दाखवणारी नवी यंत्रणा) सेशन असेल ना? तिथं डॉक चालू खिडकीचा ॲप आयडी बघतो, त्याच नावाची डॉट डेस्कटॉप फाइल शोधतो आणि तिच्यातला आयकॉन लावतो. शोधणारा तुमचा ॲप नाही, डॉक आहे, म्हणून तुमच्या ॲपवर एसट्रेस लावून काही दिसणार नाही. जीटीके ॲप्लिकेशनला कोडमध्ये जो आयडी दिलाय, तेच नाव फाइलीला द्या, अक्षरं लहानमोठी असतील तशीच.

---

पूर्णाकाठ (जिंतूर)

हो, फाइलीचं नाव नुसतं नोंदवही होतं आणि आयडी लांबलचक. नाव बदललं, डॉकमध्ये आयकॉन आला. आता डेब बनवायला घेतो.

शेवटचं एक. पुस्तकांची नोंद एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये आहे, ती फाइल सध्या /ऑप्ट/नोंदवही/शेअर मध्येच आहे आणि त्या फोल्डराला सगळ्यांना लिहायची परवानगी दिलीय. डेब केल्यावर ती /यूएसआर/शेअर मध्ये जाईल, ते बरोबर वाटंना.

---

मांजरा_लातूर

बरोबर नाहीच. /यूएसआर मध्ये ॲपनं चालताना काही लिहायचं नसतं, आणि पॅकेज काढलं किंवा अपडेट केलं तर नोंदी जायची भीती. एकच माणूस वापरणार असेल तर ~/.लोकल/शेअर च्या आत ॲपच्या नावाचा फोल्डर करा, जीलिबला युजर-डेटा-डीर विचारा म्हणजे पाथ तीच सांगेल, हातानं लिहू नका. फोल्डर नसेल तर ०७०० परवानगीनं बनवायचा असं स्पेसिफिकेशनमध्ये आहे. सेटिंगा ~/.कॉन्फिग मध्ये. मुखपृष्ठांच्या छोट्या चित्रांसारखं जे पुन्हा बनवता येतं ते ~/.कॅश मध्ये, ते कुणी पुसलं तरी नुकसान नाही. खिडकीचा आकार, शेवटी उघडलेलं पान असलं काही ~/.लोकल/स्टेट मध्ये, हा फोल्डर स्पेसिफिकेशनमध्ये २०२१ ला आला.

पण वाचनालयात सकाळी एक काका आणि संध्याकाळी दुसरे बसत असतील आणि दोघांचे लॉगिन वेगळे असतील तर घरातली फाइल चालणार नाही, दोघांच्या दोन वेगळ्या नोंदवह्या होतील. मग /व्हार/लिब/नोंदवही, एक ग्रुप बनवा, दोघांना त्यात घाला, फोल्डराला सेटजीआयडी लावा म्हणजे आत बनणाऱ्या फाइली त्याच ग्रुपच्या राहतील. एसक्यूलाइट शेजारी जर्नल फाइल बनवते म्हणून लिहायची परवानगी नुसत्या फाइलीला देऊन भागत नाही, फोल्डरालाही लागते.

---

पूर्णाकाठ (जिंतूर)

लॉगिन दोन आहेत. /व्हार/लिब करतो. ग्रुप डेबच्या पोस्टइन्स्ट (इन्स्टॉलनंतर चालणाऱ्या) स्क्रिप्टमधून बनवला तर चालेल ना?

---

मांजरा_लातूर

चालेल, अ‍ॅडग्रुप --सिस्टीम वापरा, परत चालवलं तरी अडत नाही. फक्त पॅकेज काढताना /व्हार/लिब मधली फाइल पुसू नका, पर्ज (सेटिंगांसकट पूर्ण काढणं) केलं तरच पुसायची का ते काकांना आधी विचारा. बॅकअपला तो एकच फोल्डर घेतला की पुरे, ॲप बंद असताना घ्या.